अंगावरून जास्त जातं तेव्हा: गोळी, तांबी की ऑपरेशन?

माझ्या मोठ्या जाऊबाई खुर्चीत कधी मागे टेकून बसत नाहीत. पुढच्या कडेवर बसतात. उठल्या की आधी हात मागे नेऊन साडी चाचपतात, मग मान वळवून खुर्चीकडे बघतात. मी लग्न होऊन आले तेव्हापासून हे बघत होते आणि त्यांची सवयच आहे असं धरून चालले होते. पिंपळगाव बसवंतजवळ आमच्या घरची द्राक्षबाग आहे. थिनिंगच्या, म्हणजे घडातले जादा मणी काढायच्या दिवसांत मजूर बायकांबरोबर त्याही सकाळी आठपासून बागेत उभ्या असतात. पाळी आली की दोन पॅड एकावर एक आणि खाली जुन्या सुती साडीची घडी, कारण बदलायला घरी यायचं म्हणजे जाऊन-येऊन अर्धा तास मोडतो.

गेल्या पावसाळ्यात त्यांना तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांकडे नेलं. सोनोग्राफीत पिशवीत अडीच सेंटिमीटरची गाठ दिसली. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला आणि मोठ्या दिरांना विचारलं, "मुलं किती?" दोन. "मग काढून टाकू पिशवी. पुढे कॅन्सरबिन्सरची भीती नको." ऑपरेशनची तारीखही तिथेच निघाली. ताई ४१ वर्षांच्या आहेत. त्या खोलीत त्या बसलेल्या होत्या, पण त्यांना कुणी काहीच विचारलं नाही.

मी नाशिकला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, म्हणून घरात कुणाचं दुखलंखुपलं की फोन मला येतो. दिरांनी रिपोर्टचा फोटो पाठवला. हिमोग्लोबिन ७.८. बाईचं १२ च्या वर असायला हवं आणि ८ च्या खाली गेलं की त्याला तीव्र रक्तक्षय म्हणतात. असे आकडे मी रोज छापून देते. पण हा घरचा होता. ताई कित्येक वर्षं जिना चढताना मध्येच थांबत होत्या आणि "बागेचं काम आहे, दमणारच माणूस" असं आम्ही सगळे म्हणत होतो. मीसुद्धा.

ते ऑपरेशन चुकीचंच ठरलं असतं, असं मला म्हणायचं नाही. कित्येक बायकांसाठी तोच योग्य उपाय असतो. पण समोर सहा-सात वाटा असताना ताईंना एकच दाखवली गेली, आणि ती एकच आहे असं समजून आम्ही सगळे तयारीला लागलो होतो. पुढच्या तीन महिन्यांत जे कळलं ते इथे लिहिते आहे.

आधी, जास्त म्हणजे किती? जुन्या पुस्तकांत ८० मिलिलीटरचा आकडा असे. एका पाळीत त्याहून जास्त रक्त गेलं तर अतिरक्तस्राव. पण घरी हे मोजायचं कसं आणि कुणी? ब्रिटनमध्ये नाइस नावाची संस्था डॉक्टरांसाठी उपचारांच्या मार्गदर्शिका काढते. तिने २००७ साली ही व्याख्या बदलली: रक्त जाण्यामुळे बाईच्या शरीराला, मनाला, चारचौघांत वावरण्याला त्रास होत असेल तर ते जास्त. म्हणजे मोजमाप बाईच्या हाती आलं. तरी काही खुणा धरता येतात. दर तास-दोन तासांनी पॅड भरणं. रात्री बदलायला उठावं लागणं. दहा रुपयांच्या नाण्याहून मोठ्या गुठळ्या पडणं. आठ दिवसांच्या वर पाळी चालणं. आणि पाळीची तारीख बघून लग्नाला, वणीच्या गडाला, बाजाराला जायचं की नाही हे ठरवणं, हीसुद्धा खूणच आहे.

ताईंना मी एक काम सांगितलं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, पॅड बदललं की त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने एक रेघ. मोठी गुठळी पडली की एक गोल. दुसऱ्या दिवशीच्या चौकोनात अकरा रेघा आणि चार गोल दाटीवाटीने बसले होते. "खूप जातं हो" असं त्या डॉक्टरांना बारीक आवाजात सांगायच्या, त्याऐवजी पुढच्या वेळी कॅलेंडरचं ते पानच फाडून नेलं.

आता हे होतं का? गर्भाशयाच्या आतल्या बाजूला दर महिन्याला एक अस्तर तयार होतं. इस्ट्रोजेन हे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, त्याला जाड करतं. बीज सुटल्यावर तयार होणारं दुसरं संप्रेरक, प्रोजेस्टेरॉन, त्याला आवर घालतं. गर्भ राहिला नाही की दोन्ही उतरतात आणि अस्तर गळून पडतं, तीच पाळी. बीजच सुटलं नाही तर आवर घालणारं कुणी उरत नाही. अस्तर वाढतच जातं आणि मग वेळीअवेळी, कसंही, भरपूर वाहतं. पाळी नुकतीच सुरू झालेल्या मुलींत आणि चाळिशीनंतरच्या बायकांत हे जास्त होतं, ते यामुळे.

दुसरी कारणं पिशवीच्या रचनेतली. फायब्रॉइडची, म्हणजे पिशवीच्या स्नायूची, गाठ असते, पण ती कुठे आहे याला तिच्या मापाइतकंच महत्त्व आहे. आतल्या पोकळीत डोकावणारी छोटी गाठ खूप रक्त घालवते, तर बाहेरच्या बाजूची मोठी गाठ कधीकधी काहीच करत नाही. मांसल कोंब असतो, त्याला पॉलिप म्हणतात. अस्तराच्या पेशी पिशवीच्या स्नायूत शिरल्या की पिशवी जड आणि दुखरी होते, तो अ‍ॅडेनोमायोसिस. आपल्याकडे "पिशवीला सूज आहे" असं सांगतात, त्यात यातलं काहीही असू शकतं आणि कधी काहीच नसतं. म्हणून "सूज" हा शब्द ऐकला की "नक्की काय आहे?" हे विचारायचंच. याशिवाय थायरॉइड, रक्त गोठण्यातला जन्मजात दोष, रक्त पातळ करायच्या गोळ्या, आणि साधी तांबी, म्हणजे कॉपर टी, यांनीही रक्तस्राव वाढतो. पहिल्या पाळीपासूनच जास्त जात असेल, दात काढल्यावर किंवा बाळंतपणात रक्त थांबायला वेळ लागला असेल, तर गोठण्याची तपासणी करून घ्यावी. हे कारण बरेचदा राहून जातं.

कॅन्सरच्या भीतीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण बायकांच्या सह्या या एका शब्दावर होतात. फायब्रॉइडची गाठ कॅन्सरची निघणं फार क्वचित घडतं. तेवढ्या कारणासाठी पिशवी काढायची गरज नसते. खरी काळजी कुठे करायची तेही स्पष्ट आहे: पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त गेलं, पंचेचाळिशीनंतर रक्तस्राव वाढला, किंवा वजन खूप जास्त असून पाळी वर्षानुवर्षं अनियमित राहिली. अशा वेळी अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासतात, त्याला बायॉप्सी म्हणतात. गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी वेगळी असते, पॅप स्मिअर. शंका असेल तर आधी तपासायचं आणि अहवाल आल्यावर ठरवायचं. तपासणीशिवाय "पुढे होईल" एवढ्यावर पिशवी काढणं मला पटत नाही.

बाकी तपासण्या मोजक्याच आहेत. सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, गरोदरपणाची चाचणी, सोनोग्राफी. थायरॉइडची लक्षणं असतील तर टीएसएच. "पिशवी धुऊन घ्या" असा सल्लाही मिळतो, म्हणजे क्युरेटिंग. त्याने एखादी पाळी हलकी जाते आणि मग सगळं पहिल्यासारखं सुरू होतं. तपासणीसाठी नमुना घेणं निराळं, पण उपचार म्हणून नुसतं क्युरेटिंग आता सुचवत नाहीत.

उपचारांकडे वळण्याआधी एक अभ्यास सांगते, कारण माझं डोकं त्यानेच बदललं. इंग्लंडच्या नैऋत्येकडल्या सहा रुग्णालयांत, पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या ८९४ बायकांचे तीन गट केले. पहिल्या गटाला नेहमीसारखे उपचार. दुसऱ्याला डॉक्टरांना भेटण्याआधी पुस्तिका आणि व्हिडिओ. तिसऱ्याला तीच माहिती, आणि शिवाय नर्सने शेजारी बसून विचारलं: तुम्हाला कशाचा सर्वांत जास्त त्रास होतो, काय चालेल, काय अजिबात नको. दोन वर्षांनी पहिल्या गटातल्या ४८ टक्के बायकांची पिशवी काढली गेली होती. नुसती माहिती मिळालेल्यांतही ४८ टक्केच. आणि जिला कुणीतरी विचारलं होतं, त्या गटात ३८ टक्के. खर्चही याच गटाचा सर्वांत कमी आला. २००२ साली हे प्रसिद्ध झालं. पुस्तिका दिली की आपलं काम झालं असं मला लॅबमध्ये नेहमी वाटायचं. पण नुसत्या पुस्तिकेने आकडा हललाच नव्हता.

म्हणून मी ताईंना आधी औषधांची नावं सांगितली नाहीत. एका रविवारी ओट्याशी बसून विचारत गेले. मूल आणखी हवंय का? नाही. पाळी अगदी कमी झाली किंवा बंदच झाली तर चालेल का? इथे त्या अडखळल्या. "घाण आतच साठेल ना?" हे फार जणींना वाटतं. संप्रेरकांच्या उपचाराने अस्तर मुळातच पातळ राहतं, त्यामुळे साठायला आत काही नसतं. रोज गोळी लक्षात राहील का? "बागेच्या दिवसांत जेवण लक्षात राहत नाही." किती दिवस काम बंद ठेवता येईल? त्यावर त्यांनी लगेच उत्तर दिलं: ऑक्टोबरच्या छाटणीपासून माल निघेपर्यंत एक दिवसही नाही. पोटावर टाके घ्यायला भीती वाटते का? बराच वेळ त्या गवारीच्या शिरा काढत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या आईची काढली होती. त्यानंतर ती पूर्वीसारखी कधी झालीच नाही." एवढ्या वर्षांत हे आम्हाला माहीत नव्हतं.

आता वाटा. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडची गोळी फक्त जास्त जाणाऱ्या तीन-चार दिवसांत घ्यायची, बहुधा दिवसातून तीनदा. रक्तस्राव साधारण चाळीस ते पन्नास टक्के कमी होतो. ही गोळी रक्त घट्ट करत नाही. तयार झालेली गुठळी शरीराला लवकर विरघळवू देत नाही. जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी हे औषध १९६२ साली जगापुढे आणलं. बाळंतपणात रक्त जाऊन बायका मरतात, ते थांबवावं हा उताकोबाईंचा ध्यास होता. संप्रेरक नाही, मूल हवं असलेल्या बाईलाही चालते. पायात किंवा फुप्फुसात पूर्वी गुठळी झाली असेल तर मात्र घ्यायची नाही. मेफेनॅमिक अ‍ॅसिड याच दिवसांत घेतात. त्याने दुखणं कमी होतं आणि रक्तही काही प्रमाणात कमी जातं. उपाशीपोटी घेऊ नये. अल्सर किंवा दमा असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं.

संप्रेरकांच्या गोळ्यांत गर्भनिरोधक गोळ्या आहेत, त्यांनी पाळी वेळेवर आणि हलकी येते. पस्तिशीपुढे, तंबाखू-मिश्री, वाढलेलं ब्लडप्रेशर किंवा अर्धशिशी असेल तर जपून. नॉरएथिस्टेरॉन ही दुसरी. सणावाराला, गडावर जायला पाळी पुढे ढकलायची म्हणून मेडिकलमधून जी मागून आणतात, तीच ही. डॉक्टरांनी दिलेल्या दिवसांच्या हिशेबाने घेतली तर चांगलं औषध आहे. स्वतःच्या मनाने दर दोन महिन्यांनी घेतली तर पाळीचं वेळापत्रक विस्कटतं आणि मूळ कारण झाकलं जातं. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली ऑर्मेलॉक्सिफीन ही गोळी आपल्याकडचे बरेच डॉक्टर देतात. सरकारी दवाखान्यात 'छाया' नावाने गर्भनिरोधक म्हणून ती मोफत मिळते, पण रक्तस्रावासाठी डोस वेगळा असतो, तेव्हा आपल्या मनाने घेऊ नये.

मग संप्रेरकाची तांबी, जिला बहुतेक डॉक्टर मिरेना म्हणतात. तांब्याच्या तांबीने रक्त वाढतं, हिने घटतं; नाव सारखं असल्यामुळे इथेच गोंधळ होतो. पिशवीत बसवलेल्या या छोट्या साधनातून रोज थोडं संप्रेरक अस्तरावरच सुटतं. रक्तस्राव सत्तर ते पंच्याण्णव टक्क्यांपर्यंत कमी होतो, निदान पाच वर्षं काम चालतं, आणि नंतर काढता येते. पण पहिले तीन ते सहा महिने थेंबथेंब रक्त दिसत राहतं. हे आधी सांगितलं नाही तर बाई दुसऱ्याच महिन्यात "काढा ही" म्हणून येते. ब्रिटनमधल्या ५७१ बायकांच्या अभ्यासात, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, दोन वर्षांनंतर तांबीवाल्या गटात ६४ टक्के जणी तोच उपचार घेत होत्या, नेहमीच्या औषधांच्या गटात ३८ टक्के. दुसरी बाजूही सांगायला हवी: फिनलंडमध्ये जिथे पिशवी काढायला पाठवलेल्या बायकांनाच ही तांबी बसवली, तिथे पाच वर्षांत ४२ टक्के जणींनी शेवटी ऑपरेशन केलं. बाकीच्यांना करावं लागलं नाही.

पॉलिप किंवा आत डोकावणारी गाठ असेल तर दुर्बिणीने खालूनच तेवढीच काढता येते, पोटावर टाका लागत नाही. मोठ्या गाठी पिशवी राखूनही काढतात. उष्णतेने अस्तर जाळण्याची पद्धत आहे, ती मूल नको असलेल्यांसाठीच. त्यानंतरही गर्भनिरोधक वापरावं लागतं, कारण तशात गर्भ राहिला तर धोक्याचं. गाठीचा रक्तपुरवठा बंद करायचाही उपचार आहे, तो मोठ्या केंद्रांत होतो.

आणि पिशवी काढणं. हा एकच उपाय असा की पाळी नक्की आणि कायमची थांबते. औषधं करून थकलेल्या, गाठींनी पोट भरलेल्या कित्येक बायका ऑपरेशननंतर सुटकेचा श्वास घेतात, त्यांना कुणी नावं ठेवू नयेत. पण ते परत फिरवता येत नाही. पोट उघडून केलं तर सावरायला सहा ते आठ आठवडे जातात, दुर्बिणीने किंवा खालून केलं तर कमी. अंडाशयांचं काय करणार, हे वेगळं विचारायचं. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली तर चाळिशीतच एकदम रजोनिवृत्ती येते: अंगातून वाफा, झोप उडणं, हाडं ठिसूळ होणं, हृदयाचा धोका वाढणं. "पिशवी" या एका शब्दात दोन्ही धरलं जातं आणि बाईला वर्षानुवर्षं माहीत नसतं की आपलं नक्की काय काढलंय. डिस्चार्ज कार्डावर ते लिहिलेलं असतं. ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांनी एकदा ते काढून वाचावं.

हे मी इतकं आग्रहाने लिहिते आहे त्याला कारण आहे. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांची गोष्ट बाहेर आली. पाळीत एक दिवस खाडा झाला तर मुकादम दंड कापणार, म्हणून तिशीतच पिशव्या काढलेल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सुमारे ८२ हजार बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यातल्या टोळ्या आपल्या निफाड-दिंडोरीच्या रस्त्यांवरूनही जातात. गरज नसताना होणाऱ्या या शस्त्रक्रिया रोखायच्या मार्गदर्शक सूचना केंद्राने काढल्या, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना त्या लागू करायला सांगितलं.

ताईंच्या बाबतीत आम्ही दुसरं मत घेतलं. पहिल्या डॉक्टरांचा अपमान होईल असं दिरांना वाटत होतं. पण ऑपरेशनआधी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवणं ही जगभरची रीत आहे. खाजगीत परवडत नसेल तर सिव्हिलच्या स्त्रीरोग ओपीडीत दाखवता येतं. जाताना सगळे जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं आणि कॅलेंडरचं पान न्यावं. आणि तीन गोष्टी विचाराव्यात: मला नक्की कशामुळे जास्त जातंय? आणखी कोणते उपाय आहेत? आणि आता काहीच केलं नाही तर काय होईल? हा तिसरा प्रश्न विचारायला लोक बिचकतात. पाळी बंद व्हायला वर्ष-दोन वर्षं राहिली असतील, तर लोहाच्या गोळ्या आणि ट्रॅनेक्झॅमिकवर काढणं हासुद्धा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो.

उपचार कुठलाही निवडा, लोह त्याच दिवशी सुरू करायचं. गोळी चहाबरोबर नाही. लिंबूपाणी किंवा आवळ्याबरोबर. शौचाला काळं होतं, घाबरायचं नाही. हिमोग्लोबिन ठीक झाल्यावरही साठा भरायला आणखी तीन महिने चालू ठेवायची. आणि कधी सलग दोन तास तासाला एक पॅड भरत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

नाशिकच्या डॉक्टरबाईंनी कॅलेंडरचं पान उलटसुलट करून बघितलं. दिरांनी बोलायला सुरुवात केली, तेव्हा हात वर करून त्यांना थांबवलं आणि ताईंना विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?" ताईंनी आधी माझ्याकडे बघितलं. मी गप्प राहिले. मग त्या म्हणाल्या, "मला छाटणी चुकवायची नाही. आणि टाके नकोत. बाकी काहीही करा." गाठ तीन सेंटिमीटरच्या आत होती, पोकळीत घुसलेली नव्हती. संप्रेरकाची तांबी बसेल असं त्या म्हणाल्या, थेंबथेंब दिसण्याचं सांगितलं, आणि नाही जमलं तर ऑपरेशनचा रस्ता कुठे जात नाही, हेही.

सप्टेंबरात ती बसवली. ऑक्टोबर, नोव्हेंबरचे चौकोन बारीक टिंबांनी भरलेत. दोनदा फोन आला की हे कधी थांबणार. डिसेंबरात पाच दिवस, दिवसाला दोन रेघा. गोल एकही नाही. हिमोग्लोबिन १०.४ आहे, लोहाच्या गोळ्या चालू आहेत. मागच्या रविवारी गेले तर ताई अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मजुरीचा हिशेब लिहीत होत्या, पाठ मागे टेकलेली.